कुत्रं परत करण्याआधी त्याची लघवी तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या अंकात वाचकांच्या पत्रांत पुण्याच्या एका ताईंचं पत्र आलं होतं. त्यांनी चार वर्षांचा लॅब्रडॉर दत्तक घेतला. तो रोज रात्री पिंजऱ्यातच शी-शू करायचा आणि सकाळी त्यातच बरबटून बसलेला असायचा. बाराव्या दिवशी त्यांनी तो संस्थेला परत केला. 'एवढ्या मोठ्या कुत्र्याला आता कोण शिकवणार?' असं त्यांनी शेवटी लिहिलं आहे. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि वही-पेन घेऊन बसले. पत्र लांबलं तर काटछाट जरूर करा, पण लघवीच्या तपासणीचं आणि फरशीचं जे लिहिलं आहे, तेवढं मात्र छापा, ही विनंती.

ताई, मी तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. बारा रात्री कशा गेल्या असतील ते मला ठाऊक आहे. माझ्याही कितीतरी रात्री तशाच गेल्या आहेत.

मी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्मी मेडिसिन वॉर्डात. 2024 च्या जूनमध्ये, मृगाच्या पहिल्या सरी पडल्या त्याच आठवड्यात, आमच्या घरी बायजा आली. नाव नातीने ठेवलं. जातीची लॅब्रडॉर, वजन सव्वीस किलो. दात बघून डॉक्टर म्हणाले, सहाएक वर्षांची असेल. एका माणसाने तिला पिल्लं काढण्यासाठी ठेवलं होतं. पिल्लं होईनाशी झाली तेव्हा सोडून दिली. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मुलामुलींनी तिला उचललं, नसबंदी केली, लसी दिल्या आणि घडीच्या तारेच्या पिंजऱ्यासकट आमच्याकडे आणून पोचवली. पिंजऱ्यात खाली प्लॅस्टिकचा ट्रे, वर जुनी गोधडी. "रात्री ह्यात ठेवा, कुत्रं आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही," असं सांगून गेली. सांगितलं ते चूक नव्हतं, पण ते ज्या कुत्र्यांना लागू पडतं, त्यांत बायजा बसत नव्हती.

पहिल्या रात्री अडीचच्या सुमाराला वासाने जाग आली. दिवा लावला. ती पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला पाठ लावून बसली होती. शेपटी भिजलेली, मांड्या भिजलेल्या, आणि पुढचा उजवा पाय तिने ओल्यातून उचलून अधांतरी धरला होता. पाय थरथरत होता, पण ती तो खाली टेकवत नव्हती. आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी दिवा घेऊन जवळ गेले तशी तिने मान आणखी भिंतीकडे वळवली.

वॉर्डात पक्षाघाताचे पेशंट असायचे. रात्रीत अंथरूण ओलं झालं की एखादे आजोबा सकाळी चादर गळ्यापर्यंत ओढून, तोंड भिंतीकडे करून पडून राहायचे. ओल्या चादरीबद्दल त्यांना कधी कुणी रागावलेलं मी खपवून घेतलं नाही. तीच मान मला पिंजऱ्यात दिसली, तरीही पुढचे काही दिवस आमच्या घरात तिच्या बाबतीत जे झालं ते चुकीचंच झालं.

धाकटे दीर म्हणाले, नाक धरून त्यात घासा, दोन दिवसांत सरळ होईल. ते मी होऊ दिलं नाही. पण आमचे हे दोनदा मोठ्याने ओरडले. मी ट्रे फिनाइलने घासला. संध्याकाळी सहानंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवलं. कुणीतरी सांगितलं की पिंजरा मोठा असेल तर कुत्रं एका कोपऱ्याचा संडास करतं, म्हणून मधे फळी घालून जागा निम्मी केली. यांतली प्रत्येक गोष्ट तिच्या त्रासात भर घालणारी होती. पाणी तोडल्याने लघवी घट्ट होते आणि आधीच जळजळ असेल तर ती वाढते, हे मला नोकरीत शिकवलं होतं आणि तरी मी तिच्यासमोरचं भांडं उचललं, याचं मला अजून वाईट वाटतं. ओरडल्याने एवढंच झालं की माणसांच्या समोर शी-शू करणं धोक्याचं आहे असं तिने मनाशी बांधलं. मग पट्टा लावून बाहेर नेलं तरी ती चाळीस-चाळीस मिनिटं नुसती उभी राहायची आणि घरात येऊन पिंजऱ्यात मोकळी व्हायची. ताई, 'बाहेर तासभर फिरवला तरी करत नाही आणि आत आल्याबरोबर करतो' असं तुम्ही लिहिलंय ना? ते वाचलं आणि मी लिहायला बसले.

सातव्या दिवशी तिच्या मांडीची आतली कातडी लाल झालेली दिसली, ओल्या लंगोटात राहिलेल्या बाळाची होते तशी. तेव्हा कुठे मला सुचलं की वॉर्डात असा पेशंट आला असता तर आपण पहिलं काय केलं असतं? लघवी तपासायला पाठवली असती.

कुत्रीची लघवी धरायची कशी, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मी स्टीलचा डाव उकळत्या पाण्यातून काढला, वेताच्या काठीला सुतळीने बांधला, आणि पहाटे ती परसात बसली तशी मागून अलगद खाली सरकवला. ती दचकली नाही. चार चमचे मिळाली, ती औषधाच्या दुकानातल्या निर्जंतुक डबीत भरून तासाभरात डॉक्टरांकडे पोचवली. तिच्यात पू आणि जंतू निघाले. शीही तपासली, तीत जंत निघाले. म्हणजे ज्या जीवाला दर दोन-तीन तासांनी कळ येत होती, त्याला आम्ही रात्री नऊ तास कोंडून ठेवत होतो आणि सवय वाईट आहे म्हणत होतो.

एक सांगते. मोठं कुत्रं दत्तक घेतलं आणि ते जागेवर घाण करतंय, तर पहिल्या आठवड्यातच जनावरांच्या डॉक्टरांकडे लघवी आणि शी तपासून घ्या. सवयीचा विचार त्यानंतर. लघवीचा संसर्ग, मूतखडा, जंत, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, यांतलं काहीही असू शकतं. नसबंदी झालेल्या काही माद्यांना झोपेत लघवी गळते. ती उठली की खाली ओला डाग राहतो आणि तिला स्वतःला पत्ताही नसतो. त्यावर औषध आहे. अंगाला खाज म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर कुत्रं पाणीही खूप पितं आणि लघवीलाही खूप जातं. आणि नसबंदी न झालेली मादी एकदम पाणी पाणी करू लागली, मलूल झाली, मागून स्राव येऊ लागला तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्यात एक दिवसही वाट बघू नये.

पाणी मोजणं अगदी सोपं आहे. सकाळी भांड्यात मोजून ओतायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेला हिशेब असा: चोवीस तासांत किलोमागे साधारण 50-60 मिली पाणी ठीक, 100 मिलीच्या वर गेलं तर रक्त तपासायचं. बायजा दीड लिटरच्या आत होती, म्हणून त्या बाजूची काळजी मिटली.

औषधाचा कोर्स पूर्ण केला. बरं वाटलं म्हणून मधेच गोळ्या बंद करू नयेत, हे माणसांना सांगून सांगून माझं आयुष्य गेलं, कुत्र्यांनाही तेच. कोर्सनंतर पुन्हा तपासलं, लघवी स्वच्छ. लघवीचा त्रास निम्म्याने कमी झाला. पण रात्रीची शी तशीच, आणि पिंजऱ्याच्या दाराची कडी पडली की चार-पाच मिनिटांत थोडी लघवी, तीही तशीच. म्हणजे उरलेलं दुखणं तपासणीत दिसणारं नव्हतं.

मग मी वही काढली. वॉर्डात प्रत्येक गंभीर पेशंटच्या पायथ्याशी इनटेक-आउटपुटचा कागद असतो. किती पाणी गेलं, किती लघवी झाली, कधी झाली. नातीच्या शंभर पानी वहीत मी तसेच रकाने आखले. जेवण, पाणी, शू, शी, वेळ, जागा. 'जागा' हा रकाना मी सहज घातला होता, पण सगळं कोडं त्याच रकान्यात सुटलं.

चार दिवसांत वेळ कळली. आम्ही रात्री नऊला जेवतो, म्हणून तिलाही नऊला द्यायचो. ती शी करायची साडेतीनच्या आसपास. लघवी एकच्या सुमाराला. ठणठणीत मोठं कुत्रं रात्री सहा ते आठ तास धरू शकतं, पण पोट भरून झोपवलं तर ते पोट आपलं काम करणारच. तिचं जेवण संध्याकाळी साडेसहाला आणलं, सकाळचं सातला. मधे चघळायला काही नाही. पाणी दिवसभर मोकळं. जेवणानंतर वीस मिनिटांनी बाहेर, झोपायच्या आधी साडेदहाला पुन्हा बाहेर.

जागेचं वही सुरू केल्यापासून नवव्या दिवशी उमगलं. दुपारी मी परसात धुणं धूत होते. धुण्याच्या दगडाभोवती सिमेंटचा कोबा आहे. बायजा मातीवरून, गवतावरून चालत आली, कोब्यावर चढली, एकदा वास घेतला आणि तिथे बसून तिने भरपूर लघवी केली. मी साबणाच्या हाताने आत जाऊन वही उघडली. 'जागा' रकान्यात एकदाही माती नव्हती, गवत नव्हतं. पिंजऱ्याचा ट्रे, मोरी, ओटी, न्हाणीघर, आणि आता कोबा. तपासणीसाठी लघवी धरली होती तीसुद्धा, आता आठवलं, पाण्याच्या टाकीजवळच्या फरशीवर.

पिल्लू दीड-दोन महिन्यांचं असताना पायाखाली जे असतं, त्यावरच मोकळं व्हायची त्याला सवय लागते. मातीत वाढलेलं कुत्रं माती शोधतं. बायजा पहिली सहा वर्षं सिमेंटच्या खोपट्यात नाहीतर पिंजऱ्यात होती. तिथेच खाणं, तिथेच पिल्लं, तिथेच संडास. झोपायची जागा स्वच्छ ठेवायची ओढ तिलाही जन्मतः असणार. पण जिथून बाहेर पडायला दारच नाही तिथे ती ओढ किती दिवस टिकणार? तिच्या लेखी पिंजरा म्हणजेच संडासाची जागा होती. आम्ही तिला रोज रात्री संडासात कोंडत होतो आणि सकाळी तिथे संडास केला म्हणून चिडत होतो. असं कुत्रं लहान जागेत ठेवलं तर ते धरून ठेवत नाही, त्याला घाणीत झोपावं लागतं एवढंच. म्हणून आमची ती फळी काढून टाकली.

त्याच दिवशी पिंजराही बंद. दार तारेने मागे बांधून टाकलं आणि पिंजरा पडवीत नेऊन ठेवला. पाच आठवडे तिला एका रात्रीसाठीही त्यात ठेवलं नाही. ती माझ्या कॉटशेजारी जुन्या सतरंजीवर झोपायची. पट्ट्याला चार फुटांची दोरी, दोरीचं दुसरं टोक कॉटच्या पायाला. ती उठून फिरू लागली की दोरी ओढली जायची आणि मला जाग यायची. घड्याळाचा गजर पावणेएक आणि सव्वातीनला. पक्षाघाताच्या पेशंटला आम्ही असंच करायचो. त्याने मागेपर्यंत थांबायचं नाही, त्याच्या वेळेच्या जरा आधीच बेडपॅन द्यायचं. अंथरूण कोरडं राहतं, पेशंटला कोरडं राहिल्याचा धीर येतो, आणि मग हळूहळू वेळ वाढवायची. बायजाच्या चार रात्री कोरड्या गेल्या की मी गजर पंधरा मिनिटं पुढे सरकवायची. एक रात्र चुकली की पुन्हा मागे. जुलै संपेपर्यंत रात्रीचा एकच गजर उरला.

बाहेरच्या जागेसाठी घरामागे पडलेली दोन फूट बाय दोन फूट शहाबादी फरशी मी आणि ह्यांनी उचलून पेरूच्या झाडाखाली टाकली. तिच्या लघवीने भिजलेलं गोणपाटाचं फडकं त्यावर ठेवलं. पहिल्याच पहाटे ती फरशीवर चढली, वास घेतला आणि बसली. शी संपता संपता, तिची पाठ सरळ होते त्याच क्षणी, मी उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिच्या तोंडात दिला आणि हळू आवाजात म्हटलं, "शाणी गं माझी बाय." हा तुकडा जागेवरच द्यायचा. घरात येऊन दिला तर तिला वाटतं, घरात आल्याबद्दल मिळाला. दोन आठवडे असं केल्यावर फरशीवर मूठभर माती पसरली. मग दोन मुठी. मग घमेलंभर. गणपती आले तोवर फरशी मातीखाली दिसेनाशी झाली होती आणि बायजा पेरूच्या झाडाखाली कुठेही बसू लागली होती.

ताई, तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता. तुम्हाला परस नाही, हे माझ्या लक्षात आहे. पण तुमचाही कुत्रा कुठे वाढला ते संस्थेला विचारा. फरशीवर वाढला असेल तर इमारतीच्या कडेचा सिमेंटचा पट्टा त्याला बागेपेक्षा आधी जमेल. सुरुवातीला तिथेच न्या. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, झाल्यावर धुऊन टाका. रात्री उतरायला लागेल म्हणून चप्पल, पट्टा आणि किल्ली दाराशी एकाच खिळ्याला टांगून ठेवा. त्याला उठून दारापर्यंत यायला आणि तुम्हाला किल्ली सापडायला लागणारी तीन मिनिटं फार मोठी असतात. सोसायटीत कुणी लिफ्ट वापरू देत नसेल तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना दाखवा. त्यांत लिफ्टची बंदी घालता येत नाही असं सांगितलेलं आहे. माझा भाऊ कोथरूडला राहतो, त्याने अध्यक्षांना त्या छापून नेऊन दिल्या आणि वाद मिटला.

साफसफाईबद्दल. फिनाइलचा वास आपल्या नाकाला स्वच्छ वाटतो, पण कुत्र्याच्या नाकाला त्याच्याखालची लघवी येतेच. अमोनिया असलेली द्रव्यं तर वापरूच नयेत, कारण लघवीलाही अमोनियाचाच वास असतो, म्हणजे आपण खूण पुसतो आणि पुन्हा खूण करून ठेवतो. आधी साधं पाणी, मग कपड्याचा साबण, मग प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं द्रव्य. ते लावून लगेच पुसायचं नाही, पंधरा मिनिटं ओलं राहू द्यायचं, ते लघवीतला वास तोडतं. मग ऊन. आम्ही पिंजरा आणि ट्रे तीन वेळा असा धुतला आणि पावसाने उघडीप दिलेली एक संपूर्ण दुपार गच्चीवर टाकला. जुनी गोधडी फेकली. जाड गोधडी लघवी पिऊन घेते, वरून कोरडी लागते, आणि कुत्र्याला ओल्याची अडचणच वाटत नाही.

पाच आठवड्यांनी पिंजरा पुन्हा आणला, पण त्याच जागी नाही. आधी तो आतल्या अंधाऱ्या खोलीत होता, आता माजघरात, आमच्या उठण्याबसण्याच्या वाटेवर. दार तसंच मागे बांधलेलं. तिचं दोन वेळचं जेवण आत ठेवू लागले. पहिल्या दिवशी ताट दारातच, मान तेवढी आत. मग वीतभर आत, मग मागच्या जाळीपाशी. आठवडाभराने ती जेवून झाल्यावर तिथेच पाय पसरून पडू लागली. मग जेवेपर्यंत दार लोटायचं आणि ताट चाटून व्हायच्या आत उघडायचं. मग पाच मिनिटं, मग पंधरा. प्रत्येक वेळी आत जायच्या आधी पेरूच्या झाडाखाली जाऊन यायचं. ज्या जागी खातो, तिथे करत नाही, ही ओढ सहा वर्षं दाबली गेली होती तरी ती मेलेली नव्हती.

पिंजरा हवाच कशाला, असं बरेच जण विचारतात. आमच्या घरी सुनेचं रांगतं बाळ आहे, अधूनमधून सगळे येतात, तेव्हा बायजाला स्वतःची जागा असावी म्हणून हवा. गाडीने दवाखान्यात न्यायला हवा. पण कोंडण्यासाठी नको. आणि एका प्रकारच्या कुत्र्याला तर मुळीच नको. आमच्या ओळखीच्या एका घरी असा कुत्रा होता. घरचे बाहेर पडले की दहा मिनिटांत शी-शू, छातीपर्यंत लाळ, पिंजऱ्याची तार वाकवलेली, नख तुटून रक्त आलेलं. रात्री माणसं घरात असली की मात्र सकाळपर्यंत कोरडा. ही घाण म्हणजे एकटेपणाची भीती. असं वाटलं तर मोबाईलवर व्हिडिओ चालू करून ठेवा आणि बाहेर जाऊन या, काय होतं ते दिसेल. त्या घरच्यांनी पिंजरा सोडला, एकटं राहायची सवय मिनिटा-मिनिटाने वाढवली, डॉक्टरांनी काही महिने औषधही दिलं. तो कुत्रा सुधारला. त्याला बायजासारखी फरशी देऊन काही उपयोग झाला नसता आणि बायजाला त्याचं औषध देऊन काही झालं नसतं. म्हणून वही ठेवा म्हणते.

पाऊस हा आपल्याकडचा मोठा अडथळा. मुसळधार पावसात बायजा उंबऱ्यावर उभी राहून पाय आखडून घ्यायची. पेरूच्या झाडावर आम्ही जुना पत्रा बांधला आणि मी छत्री घेऊन तिच्याबरोबर उभी राहायची. साचलेल्या पाण्यात मात्र नेऊ नका. लेप्टो, म्हणजे अशा पाण्यातून होणारा जंतूंचा ताप, माणसांनाही होतो, कुत्र्यांनाही. त्याची लस चुकवू नका.

दसऱ्याच्या दिवशी वहीत एकवीस कोरड्या रात्री सलग झाल्या. दिवाळीत फटाक्यांनी दोन रात्री पुन्हा बिघडल्या, पिंजऱ्यात नाही, कॉटखाली. आम्ही कुणी काही बोललो नाही. पुसलं, दोन रात्री गजर पुन्हा लावला, तिसऱ्या रात्री ती सावरली. नोव्हेंबरच्या मध्यावर एकदा पहाटे चारला मला जाग आली. गजर नव्हता. दाराशी नखांचा आवाज येत होता. बायजा मागच्या दारापाशी उभी होती, पुढचा उजवा पाय उचलून तिने दाराच्या फळीवर एकदा ओढला, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्या डोळ्यांत. त्या पहिल्या रात्रीपासून मी त्या मानेचीच वाट बघत होते. कडी काढताना माझे हात थरथरत होते.

आता थोडं कुत्री दत्तक देणाऱ्या मुलामुलींसाठी. तुम्ही करता ते काम फार मोठं आहे. पण कुत्र्यासोबत एक कागद द्या. तो कुठे होता, पायाखाली काय होतं, किती तास कोंडलेला होता, लघवी-शी तपासली का, आणि नाही तर पहिल्या आठवड्यात तपासा असं ठळक अक्षरांत. 'घरची सवय आहे' असं माहीत नसताना सांगू नका. आणि महिनाभर आठवड्याला एक फोन करा. आठव्या-नवव्या दिवशी माणूस सर्वांत जास्त खचलेला असतो. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की प्राणिप्रेमींना रस्त्यावरची कुत्री दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करता येईल, पण घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. ही जबाबदारी पेलायची तर घेणाऱ्याला पहिल्या महिन्यात मदत हवी. ती पालिकेच्या दवाखान्यातून मिळावी, निदान लघवी-शीची तपासणी दत्तक देतानाच तिथे व्हावी, अशी माझी मागणी आहे.

आणि ज्यांनी बायजाला सहा वर्षं तसं ठेवलं, त्यांच्यासारख्यांबद्दलही लिहायला हवं. कुत्र्यांची पैदास करून विकायची तर 2017 च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. जनावराला पुरेसं हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पिल्लू विकत घ्यायला जाणाऱ्यांनी आईला बघायचा हट्ट धरावा. ती कुठे झोपते, तिचे पाय कशावर आहेत, हे खाली वाकून बघावं. दाखवायला नकार मिळाला तर तिथून पिल्लू घेऊ नये.

ताई, तुमचा कुत्रा अजून संस्थेतच असेल तर एकदा फोन करून विचारा. परत आणायचा की नाही ते तुम्ही ठरवा, घरची अडचण ज्याची त्याला माहीत असते. पण निदान त्याची लघवी तपासली का, एवढं विचारा. नसेल तर तपासायला लावा, म्हणजे पुढे तो ज्याच्या घरी जाईल तिथून पुन्हा बाराव्या दिवशी परत येणार नाही. आणि आणणार असाल तर आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयात माझा पत्ता आहे, संपादकांनी तो तुम्हाला जरूर द्यावा. वहीची झेरॉक्स पाठवते. पहिली तीस पानं वाचवत नाहीत इतकी भरलेली आहेत. त्यानंतरची पानं मात्र एक-एक ओळीची होत गेली आहेत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज